आईचा साफ फोटो

हैदराबाद
२० नोव्हेंबर २०२४

मयू,

चिठ्ठी पाहून हसू नोको. फोन केला की लोकेशदादा स्पीकर लावते अन् ओट्यावरची सारी माणसं माही खबर घेते. परवा म्हटलं नवीन काम धरलं, त मागून दुलीचंदकाका बोलला, कोणाच्या लग्नात वाढाले लागला का? मी फोनच कापला. म्हणून लिहून राह्यलो. आपण शाळेत सारं हिंदीतच शिकलो, मी त आठवीतूनच पळालो, तवा घरी बोलतो तसंच लिहितो. हिंदीत लिहिलं असतं त आईपुढं वाचताना तुले सारं घरच्या बोलीत उलटं करत बसा लागलं असतं.

टाइलचं काम सोडलं. भैयालाल ठेकेदार मले शिव्या देऊन राह्यला असन, देऊ दे. दिवसभर उकिडवं बसून दुसऱ्याच्या संडासात फरशा बसवणं काही माह्यानं झालं नाही. आता लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका कंपनीत आहो. लाईट पकडतो. लोकेशदादाले सांगू नोको, म्हणन खांब झाला.

पण शिकून राह्यलो. इथं लालबर्ऱ्याचा रजत आहे, कम्प्युटरवर बसते. दिवाळीले घरी जो कॅमेरा आणलता तो त्याचाच जुना. तो म्हणते, कॅमेऱ्याच्या भिंगात आपल्या डोळ्यावानी बाहुली आहे. उन्हात आपण डोळे बारीक करतो तशी ते बारीक करा लागते. अन् आकडा मोठा केला का भोक लहान होते. सारं उलटं. आपल्या घरासारखं, जो जास्त राबते त्याचं कमी चालते. आणखी, माणसाचा फोटो काढताना नेम डोळ्यावर पाह्यजे. डोळा साफ त माणूस साफ, बाकी कसंही चालते.

सोबत दिवाळीतले फोटो आहे. त्यातला खळ्यावरचा पहिला बेकार आहे. आई धान उपणून राह्यली होती, मी हाक मारली, तिनं मान फिरवली अन् मी घाईनं बटन दाबलं. सूप अर्धं कापलं गेलं, हात हलला, मागचं आभाळ पांढरंफट्ट. नेम डोळ्यावर पाह्यजे होता त हनुवटीवर गेला. रजतनं पाह्यलं अन् विचारलं, हा हातानं काढला का पायानं? तो फाडून टाकजो.

खरा फोटो यात नाही. निघाच्या दिवशी आईले दाराजवळ बसवून काढला तो. बाजूनं उजेड, मागं मातीची भिंत. तो मी मोठा करून काच लावून पाठवीन. तुले आठवते न, त्या दिवशी आई बाबाच्या फोटोकडं पाहून काय म्हणे? "माह्या माणसाच्या अंगात कोट टाकला त्या स्टुडिओवाल्यानं. जिंदगीभर बनियनवर राह्यला. मी रोज सकाळी कोण्या साहेबाले उदबत्ती लावतो का? माहा फोटो तू काढजो, प्रीतम. मी मले ओळखाले आली पाह्यजे. कोट नोको घालजो."

तिले सांग, कोट नाही घालत.

प्रीतम


रामपायली
३ डिसेंबर २०२४

भाऊ,

चिठ्ठी भेटली. पोस्टमननं ओट्यावरूनच हाक मारली की हैदराबादचं काहीतरी आलं, त अर्धा मोहल्ला गोळा झाला. मी आईले मोठ्यानं वाचून दाखवली. "दादाले सांगू नोको" हे वाचलं तवा दादा बाजूले जेवत बसलता. म्हणे, खांबाले निदान गाय बांधता येते. आई त्याच्यावर रागावली, पण तिच्या तोंडावरबी हसू होतं. तू रागावू नोको. त्याचंबी धान यंदा भिजलं, तो सगळ्यायलेच बोलते.

फोटो साऱ्यांनी पाह्यले. बेकारवाला मी आईजवळ दिला फाडाले. तिनं उलटा-सुलटा करून पाह्यला अन् म्हणे, मी अशी मान मोडून पाहतो का? मी म्हटलं, हौ, अशीच पाहतं, रोज. मंग म्हणे राहू दे, चूल पेटवाले कामी पडन.

कार्तिकच्या जत्रेले परसवाड्याहून जिजामावशी आलती. चार दिवस राह्यली, तुहे फोटो यायच्या आधीच गेली. दोघी बहिणी जत्रेत बसून जुन्या गोष्टी काढून राह्यल्या. याच जत्रेत दोघींनी लहानपणी एकाच बाईकडून तोंडावरचं गोंदण करून घेतलं होतं, तुले माहीत होतं का? मले नव्हतं. एकीचा हात दुसरीनं धरला. मावशी सुईले भेऊन रडत अर्ध्यातूनच उठली, आई पुरं होईपर्यंत बसून राह्यली. मावशी अजूनबी म्हणते, गोदा माह्यापेक्षा लहान अन् माह्यापेक्षा पक्की. आईले विचारलं, दुखलं नाही का? त म्हणे, दुखलं म्हणूनच त राह्यलं. सोनं-चांदी इथंच उतरवून घेते लोक, हे तेवढं सोबत येते.

मोठा फोटो कधी पाठवतं ते विचारून राह्यली. खिळा कुठी ठोकाचा ते तिनं आधीच पाहून ठेवलं, बाबाच्या बाजूले. म्हणे, साहेबाच्या बाजूले बसतो आता.

मयुरी


हैदराबाद
१५ डिसेंबर २०२४

मयू,

खांबाले गाय बांधता येते म्हणे! त्याले सांग, मी ज्या मंडपात उभा राहतो त्याचं फाटकबी त्यानं पाह्यलं नसन.

पण त्याचं काही खोटं नाही. मी खांबच आहो. दोन्ही हात वर धरून उभा राहा लागते अन् कंपनीचा सर बोटानं सांगते, इकडे, तिकडे, वर. नाव घेत नाही. एक दिवस नवरीच्या बापानं माह्या हातात जेवणाचं ताट दिलं, त सरनं त्याच्यासमोर म्हटलं, याले नंतर, हा आपला मुलगा आहे. "आपला मुलगा" म्हणजे नोकर, हे मले तिथं समजलं.

म्हणून मी काम नसलं की रजतच्या मागं बसतो. लाईट पकडणाऱ्याले उद्या कोणीबी काढन, कम्प्युटरवाल्याले काढता येत नाही. तो मले साफ करणं शिकवून राह्यला. पडद्यावर एक गोल असते. त्याले दागावर ठेवला अन् दाबलं, की बाजूचं चांगलं कातडं दागावर चढते. मुरूम, तीळ, वांग, देवीचे वण, सारं जाते. नवरीचा चेहरा असा होते की जसा कालच जन्माले आला. आधी मले हात लावाले भेव लागे, आता हात आपोआप चालते. रजत म्हणते, तुहा हात बसला. एवढ्या दिवसांत मले कोणी बोललेली ही पहिली चांगली गोष्ट.

आईचा मोठा फोटो आहे न, त्यावरच मी शिकून राह्यलो. इथल्या मुलांनी पाह्यला, लय विचारलं. साफ करून राह्यलो. डोळ्याखालचं काळं गेलं, गालावरचे डाग गेले, मागची भिंतबी सपाट केली. आई दहा वर्षांनी लहान दिसून राह्यली. ते पाहून म्हणन, हे मीच का? थोडं आणखी राह्यलं, घाई नोको करू. बेकार काम तिच्या भिंतीवर नाही लागलं पाह्यजे.

तू लिहिलं की तिनं खिळा पाहून ठेवला. त्याले तेल लावून ठेवजो, जंग चढन.

प्रीतम


रामपायली
६ जानेवारी २०२५

भाऊ,

उशीर झाला लिहाले. मधात चार दिवस आईले घेऊन गोंदियाले गेलतो. तिच्या पोटाचं होतं. डॉक्टरनं गॅस सांगतला, औषध दिलं. आता घरी आहे, बाजूलेच बसून आहे अन् काय लिहितं ते विचारून राह्यली. म्हणते, लिही की मी चांगली आहो.

चांगली आहे.

खाणं थोडं कमी झालं. तिचं लुगडं सैल होते, मी पिना लावून देते. उरलेलं धान उपणाले दादाची बायको गेली, आईले जाऊ दिलं नाही. दिवसभर उन्हात खाटेवर बसते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते की माहा लहाना फोटो काढते. दादा आता तुले खांब म्हणत नाही. तुही चिठ्ठी वाचली तवा जेवणाच्या ताटाची गोष्ट ऐकून उठून बाहेर गेला.

फोटो लवकर पाठव म्हणते. मी म्हटलं, भाऊ अजून साफ करून राह्यला, त म्हणे कायले साफ करा लागते, मी आंघोळ करूनच बसलती. तिले वाटते तू काच पुसून राह्यला. मलेबी नीट नाही समजलं, कॅमेऱ्यात धूळ गेलती का?

संक्रांतीले येता येते का पाहाय. काही काम नाही. असाच ये. तीळगूळ आईनं नाही, मी करते यंदा, कडक झाला त हसू नोको.

मयुरी


हैदराबाद
२१ जानेवारी २०२५

मयू,

तुही चिठ्ठी संक्रांत झाल्यावर भेटली. भेटली असती तरी जमलं नसतं. आता इथं सरळ लग्नच लग्न आहे. फेब्रुवारीतल्या एका मोठ्या लग्नात दुसरा कॅमेरा मले देणार आहे. सरनं सांगतलं, बायकांच्या बाजूचे फोटो काढाचे, जेवणाच्या पंगती काढाच्या. मले. लाईट दुसऱ्याच्या हातात. आता निघून गेलो त तो कॅमेरा पुन्हा दिसणार नाही. आईले हे नीट समजावून सांग. तिचं पोट बरं झालंच असन. गॅस त सगळ्यायलेच होते, मिरची कमी कर म्हणा. लुगडं सैल झालं म्हणतं, म्हणजे बारीक झाली. चांगलं आहे, इथं बायका पैसे देऊन बारीक होते. फोटोतल्यासारखी होऊन राह्यली म्हणा.

तिले फोटोची एवढी घाई लागली हे वाचून मले लय चांगलं वाटलं. माह्या हातच्या कामाची आजपर्यंत कोणी वाट पाह्यली नाही.

कॅमेऱ्यात धूळ नाही गेलती, पागल. साफ म्हणजे चेहरा साफ. पाहशीन तवा समजन.

फोटो तयार आहे. मोठा केला, सोनेरी फ्रेम, काच. पोस्टानं काच फुटते म्हणून भैयालालजवळ दिला. त्यानं आधी तोंड वाकडं केलं, मंग आईचा आहे म्हटल्यावर घेतला. त्याचं इथलं काम सरलं की या आठवड्यात तो गावी निघते. सांभाळून आण म्हटलं.

फ्रेम भिंतीवर लावताना आईले समोर उभी करजो. अन् काय म्हणते ते जसंच्या तसं लिहिजो, एक शब्द सोडू नोको.

प्रीतम


रामपायली
४ मार्च २०२५

भाऊ,

तू म्हटलं होतं काय म्हणते ते जसंच्या तसं लिही. तिनं फोटो पाह्यलाच नाही.

भैयालालचं काम लांबलं. तो फोटो घेऊन आला तवा आई जाऊन दिवस झाले होते, दुसऱ्या दिवशी तेरवी होती. दारात आला, मंडप पाह्यला, अन् फ्रेम तशीच छातीशी धरून उभा राह्यला. त्याले माहीत नव्हतं. त्याले काही बोलू नोको.

आता सांगते. गॅस नव्हता. गोंदियाच्या डॉक्टरनं त्याच दिवशी दादाले बाजूले घेऊन सांगतलं होतं. आईनं मले शपथ घातली की तुले लिहाचं नाही. म्हणे, त्याचा हात बसून राह्यला, तो हलू देऊ नोको. मी तिले बाजूले बसवून घेऊन लिहिलं, तिच्यासमोर खोटं लिहिलं. मले वाटलं लुगड्याचं लिहिलं त तुले समजन. फोटो लवकर पाठव म्हटलं त समजन. असाच ये म्हटलं त समजन. तू लिहिलं, बारीक झाली त चांगलं आहे. ते मी तिले वाचून नाही दाखवलं. मनानंच सांगतलं की भाऊ लय काळजी करून राह्यला. दुसऱ्यांदा खोटं.

आई गेली त्या दिवशी दादानं तुले किती फोन केले. तू उचलला नाही. मंग तू फोन केला तवा आईले पोचवून चंदन नदीच्या काठावरून सारे परत आलते अन् दादा तुले बोलला, आता कायले येतं, फोटो काढाले? ते त्यानं बोलाले नव्हतं पाह्यजे. पण तूबी तेवढ्यावरच फोन कापला. तेरवीलेबी आला नाही. लोक विचारत होते, लहाना कुठी आहे? दादा सांगे, गाडी भेटली नाही.

तेरवीच्या सकाळी फ्रेम उघडली. कागद काढला अन् सारे वाकून पाहाले लागले. भाऊ, चांगला फोटो आहे. गोरी आहे, गाल भरलेले आहे, डोळे आरशासारखे. दादानं बाबाच्या बाजूले त्याच खिळ्यावर लावला. बायका आल्या, हात जोडले, मंग एकमेकींकडे पाह्यलं. दुलीचंदकाकाची बायको हळूच मले विचारते, ही गोदाबाईची बहीण का?

जिजामावशीनं हार हातात घेतलता. जवळ गेली. काचेवर बोट ठेवलं, हनुवटीवर. मंग कपाळावर. मंग हार खाली ठेवला.

"हे माही गोदा नोहे."

दादा म्हणे, मावशी, प्रीतमनं पाठवला, आईचाच आहे. मावशी म्हणे, "तिचं गोंदण कुठी आहे? तिनं त ते सोबत नेलं, मी माह्या हातानं तिले आंघोळ घातली, मी पाह्यलं. मंग इथं तुमी कोणाले हार घालून राह्यले?"

हार तसाच पाटावर राह्यला. पानं वाढून झाली, लोक जेवले, गेले. फोटो मी उतरवून धानाच्या कोठीमागं ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

साफ म्हणजे काय ते मले आता समजलं. तिनं तुले एकच गोष्ट सांगतली होती.

मयुरी


हैदराबाद
१६ मार्च २०२५

मयुरी,

तुही चिठ्ठी वाचून आधी फाडली. मंग तुकडे जोडून पुन्हा वाचली.

शपथ घातली म्हणे. तू बारावी पास, कॉलेजात जातं, तुले एक ओळ लिहिता नाही आली? लुगडं सैल झालं हे लिहून मी काय समजाचं होतं? मी आठवी फेल माणूस आहो, मले जे लिहिलं तेच वाचता येते. दादाले माहीत होतं, तुले माहीत होतं, डॉक्टरले माहीत होतं. एक मीच फरशीवर बसलेला. अन् फोन नाही उचलला म्हणतं. लग्नात सर साऱ्यांचे मोबाईल थैलीत घेऊन ठेवते, कोणी आपल्या मोबाईलवर नवरीचा फोटो काढू नये म्हणून. त्या दिवशी माह्या हातात पहिल्यांदा कॅमेरा होता. मी कोण्या दुसऱ्याच्या आईचे फोटो काढत होतो, ते जावयाच्या तोंडात लाडू कोंबून राह्यली होती, अन् मी तिच्या डोळ्यावर नेम धरून होतो. सारे फोटो साफ आले. सरनं पाठीवर थाप मारली. मंग थैलीतून मोबाईल भेटला.

दादा बोलला फोटो काढाले येतं का, त मी कोणत्या तोंडानं आलो असतो?

गोंदणाचं लिहितो. मले माहीत होतं ते गोंदण आहे. दाग नोहे. इथल्या मुलांनी पडद्यावर आईले पाह्यलं अन् विचारलं, "तेरी मां जंगल से है क्या?" एकानं तोंडावर हात आपटून आवाज काढला, सारे हसले. रजत नाही हसला, आपल्या कम्प्युटरकडं पाहत राह्यला. मी म्हटलं, अरे ते अजून साफ नाही केलं. अन् गोल ठेवला, दाबलं. एका दाबात गेलं, मयू. एवढ्या लहानपणी सुई सोसून घेतलं ते, अन् माह्या हाताले काही लागलंबी नाही. मंग ते हसले नाही. म्हणे, अरे, सुंदर आहे तुही आई. मले बरं वाटलं. हेच लिहिलं होतं मी तुले, लय विचारलं म्हणून.

आता ऐक. मूळ फोटो नाही आहे. दुसऱ्या नावानं ठेवा लागते हे मले तवा माहीत नव्हतं, मी त्याच्यावरच सेव्ह करत गेलो. कॅमेऱ्यातलं कार्ड रजतनं कधीच पुसलं. ते पहिले फोटोबी त्याच कार्डावर होते.

पण साफ करता येते त परतबी काढता येते. मी बसलतो काल. ब्रश घेतला, काळा-हिरवा रंग केला, अन् हात तसाच राह्यला. हनुवटीवर ते एकच टिपका होता का खाली आणखी होते? मधात होता का डाव्या बाजूले? कपाळावर रेघ होती का चांदणी? मले आठवत नाही. रोज पाह्यलं, तिच्या मांडीवर झोपून खालून पाह्यलं, अन् आठवत नाही. तिच्या डोळ्याखालचं काळं आठवते, कारण ते पुसाले वेळ लागला.

घरी पाठवलेल्या दिवाळीच्या बाकीच्या फोटोत आई दूर आहे, मुंगीएवढी, काही दिसत नाही. तू मले नीट आठवून चित्र काढून पाठव. नाही जमलं त जिजामावशीचा मोबाईलवर जवळून फोटो घे. दोघींचं एकाच जागी, एकाच बाईनं केलं होतं न, तुनंच लिहिलं होतं. मी जसंच्या तसं बसवून देतो. कोणाले समजणार नाही. नवीन फ्रेम पाठवतो. तो फोटो भिंतीवर लागला पाह्यजे, मयू. मंग दादाले म्हण, काय बोलाचं ते बोल.

प्रीतम


रामपायली
३० मार्च २०२५

भाऊ,

चित्र काढाले बसली होती. दादालेबी बसवलं. त्यानं वेगळं काढलं, मी वेगळं काढलं. त्याच्या बायकोनं दोन्ही पाहून म्हटलं, दोन्ही नोहे. मंग आम्ही भांडलो, मंग दादा रडला. बाबा गेले तवा नव्हता रडला.

मी मोबाईल घेऊन परसवाड्याले गेली. मावशीले तुही चिठ्ठी सारी वाचून दाखवली, जंगलाचं लिहिलं तेबी. मंग आपली हनुवटी पुढं करून मले म्हणे, पाहाय. माह्यावरून काढशीन त अधुरं निघन. मी रडून उठलती, पोरी. जेवढं माह्या तोंडावर नाही, तेवढं तिच्या तोंडावर जास्त होतं.

मी म्हटलं, मावशी, मंग तू सांग, बाकीचं भाऊ काढते. त म्हणे, "त्यानं न दुखवता काढलं, आता न दुखवता घालतो म्हणते. असं नाही येत ते."

फोटो नाही काढू दिला. मीबी जोर नाही केला. तुही बाजू सांगाले गेलती मी, पण तिथं बसल्यावर मले तुही बाजू सांगता नाही आली. तू म्हणतं मी एक ओळ नाही लिहिली. हौ, नाही लिहिली. ते माह्याजवळच राहीन. पण लिहिली असती त तू फोटो आधी पाठवला असता, अन् तिनं तो पाह्यला असता. रोज वाटते लिहाले पाह्यजे होती, अन् तेच आठवलं का वाटते, नाही लिहिली तेच बरं.

आता एक गोष्ट. गुढीपाडव्यासाठी काल घर सारवलं. आईची ती पत्र्याची लहान पेटी वरून उतरवली, ज्यात फणी अन् तेलाची बाटली ठेवत होती. तुले आठवते, तिच्या झाकणात आरसा होता अन् तो लहानपणी तूच फोडला होता. मंग ते विनाआरशानंच वेणी घाले. पेटी उघडली त आरशाच्या जागी खळ्यावरचा फोटो. भाताची शितं लावून चारही कोपरे चिकटवलेले. तू फाडून टाक म्हटलं होतं तो. तिनं चूल पेटवतो म्हटलं होतं तो.

सूप अर्धं कापलेलं आहे. हात हललेला आहे. आभाळ पांढरं. डोळे नीट दिसतच नाही. पण हनुवटी अशी दिसते की बोट लावलं त लागन. टिपके आहे. किती अन् कुठी, सारं आहे. दादाच्या चित्रात नव्हते तसे, माह्याबी नव्हते. मान मोडून पाहून राह्यली, तुले ओ देणार तेवढ्यात.

रोज सकाळी ते त्याच्यात पाहून केस विंचरत होती. आम्हाले वाटे, पेटी उघडून बसली.

मावशीले निरोप दिला होता, ते आज दुपारच्या बसनं आली. पेटी पाह्यली. पदरानं झाकण पुसलं, अन् तेरवीचा हार राह्यला होता न, तसाच एक नवीन करून तिनं घातला. पेटी उघडी करून बाबाच्या खाली फळीवर ठेवली आहे. साहेबाच्या बाजूले नाही बसता आलं तिले, पण जवळच आहे. तुही सोनेरी फ्रेम कोठीमागं आहे, काच शाबूत आहे.

दादा म्हणे, प्रीतमले मोबाईलवर याचा फोटो काढून पाठव, त्याले टिपके पाहिजे होते. मोबाईल हातातबी घेतला मी. मंग ठेवून दिला.

तुह्याजवळ आला का तू साफ करशीन. पाह्याचा असन त घरी येऊन पाहाय.

मयुरी